दरीवर थांबलेला पाळणा

रोपवे मध्येच थांबला आणि कंट्रोल रूममधली प्रोग्रामर बाई स्क्रीनकडे धावली. तिची आई आणि मुलगी दरीवरच्या एका पाळण्यात होत्या.

स्क्रीनवर मेमरी संपल्याचा मेसेज होता. पाळण्यांची दारं तपासणारा तिचाच प्रोग्राम बंद पडला होता, म्हणून रोपवे थांबला होता. तो एका पाळण्याचं काम अर्धवट ठेवून पुढच्याला विचारायचा, तो त्याच्या पुढच्याला. शेवटच्याचं उत्तर येईपर्यंत एकही काम हातावेगळं होत नसे. आज गर्दीमुळे जादा पाळणे जोडले होते, आणि अर्धवट कामांच्या ढिगानेच मेमरी भरून गेली होती.

"दारं न तपासताच चालू करू?" ऑपरेटरने विचारलं.

"नको. एखादं उघडं असलं तर?"

तिने तेवढा भाग बदलायला घेतला. एक पाळणा तपासायचा, ते काम संपवायचं, मगच पुढच्याकडे जायचं. साधा लूप, पण घाईत तीच ओळ पुन्हा पुन्हा चुकत होती.

शेवटी ओळ जमली. तिने प्रोग्राम चालवला आणि या वेळी तो शेवटपर्यंत गेला. एकच दार नीट लागलेलं नव्हतं, आणि ते आई-मुलगी बसलेल्या पाळण्याचंच होतं.

तिने मुलीला फोन लावला. "दाराजवळ जाऊ नकोस. आजीला दे."

"आजी घाबरून डोळेच उघडत नाहीये."

"फोन तिच्या कानाला लाव." मग ती हळू आवाजात म्हणाली, "आई, दाराची कडी खाली ओढ. दाराला टेकू नकोस."

फोनवर नुसता वारा ऐकू आला. मग खट्‌कन आवाज झाला, स्क्रीनवरचा लाल ठिपका हिरवा झाला. ऑपरेटरने रोपवे सुरू केला. तिने मात्र फोन कानापासून काढला नाही.