न धुतलेलं कापड

गोधडीच्या कडेच्या गोटाचे शेवटचे चार टाके उरले असताना लोरीनला ती भोकं दिसली. स्ट्रॉबेरी छापलेल्या लाल कापडाच्या कडेला, एका ओळीत, सुईच्या जाडीची. सुई तशीच खोचून ती खिडकीशी गेली आणि पुन्हा पाहिलं. भोकंच होती.

आजीच्या काळात पीठ यायचं ते छापील सुती पोत्यांतून. पोतं रिकामं झालं की बायका त्याची जाड शिवण उसवायच्या, कापड धुवायच्या आणि मग त्याचे झगे, पडदे, गोधड्या करायच्या. धुतलं की सूत फुगतं आणि शिवणीची भोकं मिटतात. हे आईनेच शिकवलं होतं. “भोकं उघडी म्हणजे कापड कोरं. कोऱ्याला कात्री लावायची नाही.” आईने, ओपलने, साठ वर्षं हा नियम पाळला. आणि आजीच्या पेटीतलं हे लाल कापड मात्र तिने मागच्या वसंतात न धुताच कापलं होतं.

ऑक्टोबरात ती गेली तेव्हा सगळे म्हणाले, शेवटपर्यंत डोकं शाबूत होतं. लोरीनही तेच म्हणाली होती.

तिने रुमालाचं टोक ओलं करून लाल तुकड्यावर दाबलं. टोक गुलाबी झालं.

गोधडी पाळण्यात मावेल एवढीच. निम्म्याहून अधिक धावदोरा आईचा, उरलेला लोरीनचा. लाल तुकडे चार, मधलं सगळं पांढरं. त्या पांढऱ्यावर आईने टाक्यांसाठी निळ्या पेनाने आखलेल्या रेघा अजून होत्या. थंड पाण्यात त्या निघतात. ऊब लागून राहिल्या तर तपकिरी होतात आणि मग जन्मात जात नाहीत. हिवाळाभर लोरीन शेगडीपाशी बसून टाके घालत आली होती. एका कोपऱ्यातली रेघ आताच चहाच्या डागासारखी दिसू लागली होती. गोधडी धुवायलाच हवी होती, आणि धुतली की लाल रंग पांढऱ्यात उतरणार होता. आईच्या हातचं यापुढे काही येणार नव्हतं.

तिने चार टाके पुरे केले आणि ओढ्यापलीकडे राहणाऱ्या झेल्मामावशीला फोन केला.

“फोनवर घराला आग लागल्यासारखी बोललीस,” मावशी काठी टेकत आत येताच म्हणाली. “काय झालंय?”

“आईने कापड धुतलं नव्हतं.”

“ओपलने? छे! अगं, न धुतलेल्या कापडावरून तिने मला चर्चच्या सगळ्या बायकांसमोर झापलं होतं. माझे कान अजून लाल आहेत.” तिने चष्मा लावला, भोकांवरून बोट फिरवलं आणि गप्प झाली. मावशी गप्प झालेली लोरीनला माहीतच नव्हती.

“अशीच ठेवून देऊ का, पेटीत?”

“आणि पुढे तपकिरी रेघांचं जाळं बघत बसशील. टब भर. थंड पाण्याने, काठोकाठ.”

गोधडी पाण्यात गेली. निळ्या रेघा बघता बघता नाहीशा झाल्या. तो कोपराही स्वच्छ झाला. लोरीनने श्वास सोडला, तोच एका तुकड्याखालून लाल रंग धुरासारखा वर आला. तिने झडप घालून गोधडी वर उचलली.

“सोड!” मावशीने तिच्या मनगटावर फटका मारला. “खाली! बुडव आधी!”

“रंग सुटतोय, मावशी!”

“सुटू दे. पाण्यात गेलेला रंग पाण्याचा. बाहेर काढलीस की तो कापडाचा. गोधड्या पाण्यात मरत नाहीत गं, घाबरट बायकांच्या हातात मरतात.”

मग गरम पाणी, भांडी घासायचा थोडा साबण. एकीकडून लाल पाणी जाऊ द्यायचं, दुसरीकडून नवं सोडायचं; गोधडी क्षणभरही उघडी पडता कामा नये. मावशी कमोडच्या झाकणावर बसून हुकूम सोडत राहिली. लोरीन गुडघ्यांवर होती, हात कोपरापर्यंत पाण्यात. चौथं पाणी लाल, सहावं गुलाबी. खाली पांढऱ्याचं काय होतंय ते काही दिसत नव्हतं.

“एक कोपरा बघू?”

“नाही.”

बऱ्याच वेळाने लोरीनने विचारलं, “तुला माहीत होतं? तिचं विसरणं?”

मावशीने खिडकीबाहेर पाहिलं. “हे कापड कापायच्या आधी, फेब्रुवारीत, तिने मला एकाच दिवशी दोनदा विचारलं, आपली आई कशी आहे म्हणून. आई जाऊन तीस वर्षं झाली होती.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तीच म्हणाली, लोरीनला सांगू नकोस. ती घाबरते.”

पाणी बदलायची वेळ झाली होती. तिने ते बदललं.

अकरावं पाणी नितळ राहिलं. मावशीने त्यात पांढरा रुमाल बुडवला, उजेडात धरला. “आता काढ.”

लोरीनचे हात हलेनात.

“काढ बाई. माझे गुडघे वाकत नाहीत, आणि वाकले असते तरी मी काढली नसती.”

ओलं जुनं कापड कडेला धरून उचललं तर स्वतःच्याच भाराने टाके तोडतं. लोरीनने दोन्ही हात खालून घातले. सप्टेंबरात याच टबातून तिने आईला असंच उचललं होतं, आणि आपल्या हातून काहीतरी मोडेल अशी भीती तिला तेव्हाही वाटली होती. पाणी निथळेपर्यंत ती तशीच थांबली, मग गोधडी टॉवेलवर उतरवली.

सगळं पांढरं पांढरंच होतं. फक्त एका तुकड्यालगत दोन बोटं रुंद गुलाबी पट्टा राहिला होता. तिने घाबरून वर उचलली होती, ती बाजू.

मावशी काठीवर रेलून बघत राहिली. “हे आता जायचं नाही.”

“हो.”

“रडायचं तर तिकडे रड. खारं पाणी नको त्यावर.”

लोरीनने दुसरा टॉवेल वर पसरला आणि एका टोकापासून, न पिळता, तळहाताने दाबायला सुरुवात केली.