कॉलरला बेचाळीस सेकंद

“सर, स्पीड अप फक्त वरच्यानं खालच्याला म्हणायचं असतं का? आम्ही तुम्हाला म्हटलं तर?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून विचारलं. दोन महिने झाले, इंग्रजीचे सर अजून दुसऱ्याच धड्यावर रेंगाळतायत! वर्ग खदखदून हसला. सर हसले नाहीत.

“फार शिंगं फुटलीत तुला! स्पीड अप म्हणजे वेग वाढवणं. उद्या घरून स्वतःचं वाक्य करून आण आणि सगळ्यांसमोर वाच.”

घरी आईला अर्थ सांगायला गेले, तर तीच म्हणाली, “अगं, ते आमच्या शिलाई खात्यात भिंतीवर रंगवलंय. हातभर अक्षरांत.”

आई कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवते. साहेब अधूनमधून घड्याळ घेऊन एकीच्या डोक्याशी उभा राहतो. तिला जितका वेळ लागेल, तितकाच मग सगळ्यांना. म्हणून बायकांचं आपसांत ठरलेलंय: घड्याळ आलं की हात सैल सोडायचा. मागच्या महिन्यात ते आईपाशी आलं. साहेब म्हणाला, “तुमच्यासारखा हात नाही कुणाचा,” आणि आमच्या मातोश्री हुरळल्या. कॉलरला बेचाळीस सेकंद!

तेव्हापासून सगळ्यांना बेचाळीस. ते गाठता गाठता आईच्याच खात्यात शिवणाऱ्या आमच्या शेजारच्या मावशीच्या बोटातून सुई आरपार गेली. आता मावशी आमच्या दारावरून जाते, पण आत बघत नाही.

“उद्या परत घड्याळ येणारे,” आई म्हणाली. “माझ्यापाशीच.”

“मग हळू शिव ना!”

“खात्यातला माझा पहिला नंबर जाईल गं.”

पेपरामागून बाबा बोलले, “साहेबाच्या डोळ्यावर येऊ नये माणसानं. तू तुझा अभ्यास कर.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नंबर म्हणे! कॉलर वळवायला आईला शिकवलं कुणी? मावशीनंच. तिच्याच बोटात सुई गेली, आणि हिला नंबराची पडलीये!

अभ्यास कर म्हणाले ना? केला. वही उघडली, एक ओळ लिहिली आणि दोघांसमोर जाऊन उभी राहिले.

“ऐका. उद्या वर्गात मी हे वाचणारे: माय मदर विल नॉट स्पीड अप. म्हणजे, माझी आई वेग वाढवणार नाही. साठ मुलींसमोर, खणखणीत आवाजात वाचणार. आणि आई, मला खोटं पाडायचं नाही.”