तुलनेसाठी ठेवलेलं रोप

मित्रांनो, मी एक जुनं टोमॅटोचं रोप आहे आणि वनस्पतिविज्ञानाचा सगळा डोलारा एके काळी माझ्यावर उभा होता. माझं काम होतं, काहीही न करणं.

नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या एका काचघरात सीत्स्के नावाची संशोधक समोरच्या रांगेतल्या रोपांची पानं चिमट्याने चिरडायची. पान चिरडलं की आमच्या अंगात जास्मोनेट नावाचं संप्रेरक तयार होतं. ते जनुकांवर बसलेल्या पहारेकरी प्रथिनांना हटवतं, जनुकं जागी होतात आणि अळीचं पोट बिघडवणारं प्रथिन बनू लागतं. धोका टळला की पहारेकरी पुन्हा जागेवर. माझी रांग तुलनेसाठी होती. आम्हाला जखम नाही, म्हणून आमची जनुकं झोपलेली असायला हवीत.

पण झोप कुठली! रोज सकाळी सातला माझे पहारेकरी हाकलले जायचे. जरा सावरतोय, तोवर दुसरी सकाळ. पानापानांतून धोक्याचे निरोप धावायचे आणि सांगायला मला तोंड नव्हतं.

दोन्ही रांगांत सीत्स्केच्या जनुकाचे आकडे सारखेच येऊ लागले.

"हे जनुक जखमेला दादच देत नाही. सोडून दे," तिच्या प्राध्यापिका म्हणाल्या.

सीत्स्केची तीन वर्षं त्या एका जनुकात गेली होती. ती माझ्यापुढे बसून पुन्हा पुन्हा तेच आकडे तपासत राहिली.

दहाच्या कॉफीला काचघराचा म्हातारा माळी वुब्बे दाराजवळच्या टेबलाशी आला. डब्यातून आपल्या वाट्याचं एकच बिस्किट उचलताना त्याचा अंगठा तिला दिसला. टोमॅटोच्या रसाने हिरवा-काळा.

"वुब्बे, माझ्या रोपांना हात लावलात?"

"हात? छे! रोज सकाळी बगलफुटी, पानांच्या बेचक्यातले कोंब, खुडतो फक्त. चाळीस वर्षं टोमॅटो पिकवलेत मी, पोरी. असली झिपरी रोपं बघवत नाहीत."

"दोन्ही रांगांच्या?"

"ह्या एकाच. त्या बिचाऱ्यांना तू आधीच चिमटे काढतेस. मी काय कसाई आहे?"

सीत्स्के आधी रडली, मग हसली, मग नवं बी पेरायला धावली. "आता हात खिशात घालून फिरायचं!"

"आणि कॉफी काय नळीने पिऊ?"

मला कचऱ्यात टाकलं. वुब्बेने गुपचूप घरी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. सहा आठवड्यांनी बातमीही त्यानेच आणली, "फरक दिसला! जखम झाली की पोरीचं जनुक जागं होतं!"

मित्रांनो, रोप गप्प दिसलं तरी आत त्याची धावपळ चालू असते. प्रेमाने खुडलेलंही त्याला खुडलेलंच कळतं. हात लावण्याआधी एवढं आठवा. आणि इकडे आलात, तर माझ्या कुंडीखाली एक बशी सरकवा. खिडकीचा कट्टा ओला झाला की वुब्बेची बायको मलाच बोलते.