तीन वर्षांचं घरकाम

बर्नडेट सग्डनच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. एकोणीसशे ब्याऐंशीच्या मार्चमध्ये ते आलं आणि सतरा दिवस घड्याळामागे उभं राहिलं. रोज सकाळी मला एक उत्तर सुचायचं, संध्याकाळपर्यंत ते चुकीचं वाटायचं.

इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या आमच्या कॉलेजात ती माझ्याकडे तीन वर्षं इंग्रजी साहित्य शिकली. आदल्या वर्षी पदवीला वर्गात पहिली आली. तिनं लिहिलं होतं, ‘सर, नऊ ठिकाणी अर्ज केले. इतकी शिकलेली मुलगी टिकायची नाही, म्हणतात. म्हणून बिस्किटाच्या कारखान्याच्या अर्जात पदवी लिहिलीच नाही. कॉलेजची तीन वर्षं मी तुमच्याकडे घरकामाला होते, असं लिहिलंय. ते तुम्हाला विचारतील. हो म्हणाल ना? आणि मी चूक करतेय का, तेही सांगा.’

अठराव्या दिवशी कारखान्याचा छापील कागद आला. शुक्रवारपर्यंत परत न आल्यास जागा दुसऱ्या बाईला देऊ, असं खाली लिहिलेलं. तो बुधवार होता.

मी लिहायला बसलो. पहिलाच प्रश्न, बाई प्रामाणिक आहे का? पेन तिथंच थांबलं. मग तो सोडून पुढच्या रकान्यात लिहिलं आणि माझ्या बहिणीला, एडनाला, वाचून दाखवलं : ‘विवेचनशक्ती दुर्मीळ. स्वतंत्र विचार.’

एडना बटाटे सोलत होती. “कुणाची? लादी पुसणारीची?”

“मग काय लिहू?”

“अरे, कामाला किती वाजता यायची, ते लिही.”

“ती कामाला येत नव्हती, एडना.”

“ते ठाऊक आहे मला. ती तीन वर्षं लादी कोण पुसत होतं, तेही ठाऊक आहे. तुला आहे का?”

एडना एकोणीस वर्षं माझं घर बघत होती. त्याआधी ती गिरणीत होती; आई गेल्यावर ती नोकरी सोडून इकडे आली. ये, असं मी तिला म्हणालो होतो की ती आपणहून आली, ते मला नीट आठवेना.

“लिही,” ती म्हणाली. “साडेसहाला उठते. शेगडी पेटवते. आजारी म्हणून एकदाच झोपली, तीही दोन दिवस.”

“ते तुझं झालं.”

“मग तिचं म्हणून खपव. नाहीतरी माझं कुणी विचारलं नव्हतं.”

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. सोमवारी धुणं, गुरुवारी खिडक्या. पुस्तकांच्या कपाटावरची धूळ, एकही कागद इकडचा तिकडे न करता. हे मला माहीतच नव्हतं. कपाट आपोआप स्वच्छ राहतं, असं मी समजत होतो की काय, कोण जाणे. प्रामाणिक? या प्रश्नापुढे मी ‘पूर्णपणे’ लिहिलं, आणि या वेळी हात थांबला नाही.

“काम सोडण्याचं कारण?” मी शेवटचा प्रश्न वाचला.

एडनानं सुरी खाली ठेवली. “ते तू बघ बाबा. मी कुठं सोडलंय?”

बराच वेळ विचार करून मी लिहिलं, ‘तिला जास्त पगाराची गरज आहे.’ एडनानं सुरी परत उचलली. बटाट्याची सालं त्या दिवशी फार जाड निघाली.

मग माझ्या खोलीत जाऊन बर्नडेटला लिहिलं. ‘कागद भरून पाठवतो आहे. तू चूक करतेयस का, ते मला खरंच कळत नाही. बत्तीस वर्षं हा विषय शिकवला. तो शिकून माणसानं पोटासाठी काय करावं, याचा मी कधी विचारच केला नाही. तो मी करायला हवा होता. कारखान्यात लागलीस तर एखाद्या रविवारी जेवायला ये. एडनाला तुला भेटायचं आहे. तुझ्याबद्दल मी जे लिहिलंय, ते तिचं आहे.’

एडनाला तिला भेटायचं होतं की नाही, मी विचारलं नव्हतं. परत स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

“येऊ दे की,” ती म्हणाली. “आणि टपाल साडेपाचला उचलतात.”

पाच वीसला कोपऱ्यावरच्या लाल पेटीत मी दोन्ही पाकिटं टाकली.