लाडकीच्या ढोलाचा छाप

मी एक छाप आहे. ढोलावर, टेम्पोवर, शर्टावर कापलेल्या जागेतून रंग टिपून चित्र उठवतात ना, त्यातला. पण जन्माने मी छाप नाही, एक्स-रे आहे. अजूनही मला उजेडासमोर धरलंत तर माझ्यात खांद्याचं हाड आणि थोड्या फासळ्या दिसतील. त्यांच्या मधोमध एक मुलगी कापून काढलेली आहे. फासळ्यांच्या खिडकीत उभी असल्यासारखी ती दिसते.

तो खांदा भिकूदादाचा. तलासरीजवळच्या एका पाड्यावर तो राहतो. २०१४ साली ताडी काढताना तो झाडावरून पडला आणि डहाणूच्या दवाखान्यात माझा जन्म झाला. डॉक्टरांनी मला खिडकीसमोर धरलं आणि सांगितलं, "हाड जुळेल. पण उजवा हात खांद्याच्या वर जाणार नाही."

"आन् ढोल?" भिकूदादाने विचारलं.

डॉक्टरांना वाटलं, त्याला काही वेगळंच दुखतंय. त्यांनी पुन्हा खांदा दाबून पाहिला.

घरी मला पिशवीत घालून खिळ्याला लटकवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भिकूदादा मला काढून दाखवायचा. लोक मला हातात घ्यायचे, बहुतेक वेळा उलटा धरायचे आणि गंभीरपणे मान हलवायचे. माणसांना दुखणं नुसतं सांगून पुरत नाही, काहीतरी दाखवावं लागतं, हे मी त्या भिंतीवर शिकलो.

पलीकडच्या भिंतीला ढोल होता. लग्नसराई आली तेव्हा त्याच्या मुलीने, लाडकीने, तो गळ्यात अडकवला. ती चिकूच्या वाडीत कामाला जायची, कमी बोलायची. काठी तिने डाव्या हातात घेतली.

"उजव्या हातात धर," भिकूदादा म्हणाला.

तिने धरली. तिचा उजवा हात दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा वाजला. भिकूदादा ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बरं, तुझ्या हाताने वाजव. घरात कोण बघतंय."

पण ढोल घरात राहत नाही. लाडकी लग्नांत वाजवू लागली. तिच्या ठेक्याला पाय आपोआप उचलले जातात, असं लोक म्हणू लागले. भिकूदादाची ढोल पार्टी पुन्हा उभी राहिली. मात्र पार्टीचं रूप बघण्यासारखं होतं. बेंजो वाजवणाऱ्या बाबल्याचा टेम्पो होता, त्यावर जबडा उघडलेला वाघ. कार्डावर गॉगल लावून माईक धरलेली कुठलीशी गोरी मुलगी. बॅनरवर 'भिकू ब्रास बँड', आणि पार्टीत पितळेचं एकही वाद्य नाही. अंगात जुन्या क्रिकेट स्पर्धेचे शर्ट.

यात हसण्यापलीकडची एक अडचण होती. लग्नाच्या तिथी दाट आल्या की काही पार्ट्या दोन घरची सुपारी घेतात. एका घरी स्वतः जातात, दुसऱ्या घरी आपल्या नावाने भलत्याच पोरांना पाठवतात. त्यामुळे यजमान दारातच संशयाने बघतात. उधवा गावी एका लग्नात यजमानाने कार्ड पुढे धरून विचारलं, "ही गॉगलवाली कुठंय?"

"ती... ती कार्ड छापणाऱ्या प्रेसवाल्यांची आहे," बाबल्या म्हणाला.

"मग तुम्ही कोणाचे?"

त्या प्रश्नानंतर सगळे मसोलीला जतीनभाईंकडे गेले. जतीनभाई पेंटर. धाकट्या डहाणूच्या खाडीतल्या बोटींवर नावं आणि पट्टे रंगवायचं काम त्यांचं. त्यांनी कार्ड पाहिलं, बॅनर पाहिला, बाहेर जाऊन वाघ पाहिला.

"जो, बघ भिकूदादा," ते म्हणाले, "बोट खाडीत शिरते तेव्हा तिचं नाव कोण वाचतं? एवढ्या लांबून दिसतं काय? पण किनाऱ्यावरची बाई बराबर सांगते, आमचीच आली. निळ्यावर पिवळा पट्टा म्हणजे आमची. दर वर्षी रंग नवा लावतात, पण पट्टा बदलत नाहीत. तुमचं काय? टेम्पो बोलतो वाघ, कार्ड बोलतं हिरोईन. माणसाने विश्वास कोणावर ठेवायचा?"

मग ठरलं. गेरूच्या रंगावर पांढरं चित्र. खाली 'भिकू ढोल पार्टी, तलासरी', सगळीकडे एकाच वळणाची अक्षरं. बाकी काही नाही.

"वाघ कोपऱ्यात राहू दे की," बाबल्या म्हणाला. "छोटासा."

"नको," जतीनभाई म्हणाले.

"नुसती शेपटी?"

"बाबल्या, तुला वाघ पायजे तर घरी पाळ."

छाप कापायला टिकाऊ, पातळ काहीतरी हवं होतं. भिकूदादाने मला पिशवीतून काढलं. जतीनभाईंनी मला उजेडासमोर धरलं. "तुझं हाड आहे ह्यात."

"त्या हाडाचा आता काय उपेग? काप."

जतीनभाईंनी माझ्यावर पेनाने मुलगी काढली. दोन त्रिकोणांचं अंग, अंबाडा, कमरेशी ढोल, उजव्या हातात उगारलेली काठी. आल्यापासून गप्प असलेली लाडकी तेव्हा हळूच म्हणाली, "काठी दुसऱ्या हातात."

जतीनभाईंनी तिच्याकडे पाहिलं, रेष पुसली आणि काठी डाव्या हातात दिली. मग ब्लेड चाललं. मला दुखलं का, असं विचाराल तर नाही. आपल्यातून काहीतरी गेलं आणि त्याच जागेतून उजेड आला, एवढंच कळलं.

"एक ध्यानात ठेवा," जतीनभाईंनी बजावलं. "ह्याला दोन बाजू आहेत. कोपऱ्यात दवाखान्याचं इंग्रजी अक्षर आहे, ते सरळ दिसलं पाहिजे. पालथा ठेवलात तर काठी उजव्या हातात जाईल."

ते माझे चांगले दिवस होते. मला चिकटपट्टीने बसवायचे, स्पंजने रंग टिपायचे, रॉकेलने पुसायचे. टेम्पोच्या दारावर मी, ढोलाच्या खोडावर मी, शर्टांच्या पाठीवर मी. कार्डही माझ्यावरूनच छापलं. तलासरीच्या बाजारात टेम्पो वळला की बायका म्हणायच्या, "डावरीचा ढोल आला." कार्ड दाखवा, गाडी दाखवा, मुलगी दाखवा, तिन्ही एकच. दारात कोणी अडवेना. लाडकीची मान थोडी वर राहू लागली. बोलायची ती अजूनही कमीच. पण तिला जे सांगायचं होतं ते गाडीवर रंगवलेलं होतं.

मग २०१७ साली शांतीबाई आल्या. धाकट्या डहाणूच्या, सुकी मासळी विकायला बाजारात येणाऱ्या. भाच्याची हळद होती. कोसबाडला एका लग्नात आत भाकऱ्या भाजताना त्यांनी हा ढोल ऐकला होता आणि तेव्हाच ठरवून टाकलं होतं. किनाऱ्यावरची ही पार्टीची पहिलीच सुपारी. तिथे नाव झालं की पुढची सराई भरली म्हणून समजा.

सगळं ठरल्यावर शांतीबाईंची नजर टेम्पोच्या दारावर गेली. "अगो, ही पोरगी डाव्या हाताने वाजवते काय? आमच्या घरात हळदीला डावा हात चालत नाय हां."

भिकूदादा पटकन बोलून गेला, "नाय नाय, बाई. छाप उलटा बसलाय."

माझ्यासारख्या वस्तूबद्दल असं सहज बोलता येतं आणि ते खरंही वाटतं. पण एकदा बोलल्यावर ते सगळीकडे खरं करावं लागलं. लाडकी वाडीत कामाला गेली असताना भिकूदादाने आणि बाबल्याने जुन्या चित्रांवर गेरू फासला आणि मला पालथा ठेवून पुन्हा रंग टिपला. टेम्पो, ढोल, शर्ट, एकही सोडलं नाही. कोपऱ्यातलं अक्षर माझ्याबरोबर पालथं झालं.

"दादा, तिला विचारलं काय?" बाबल्याने विचारलं.

"एकसारखं दिसायला पायजे, जतीनभाईच बोलला ना? आता सगळीकडे उजवाच आहे."

संध्याकाळी लाडकी आली. तिने ढोलावर हात ठेवला. रंग अजून ओला होता, बोटाला लागला.

"एकच दिवस," भिकूदादा म्हणाला. "उजव्या हाताने वाजव, बाय. मोठं घर आहे."

तिने बोट पदराला पुसलं.

हळदीच्या दिवशी मी टेम्पोत पुढच्या काचेमागे होतो. एक नवा शर्ट छापायचा होता म्हणून मला बरोबर घेतलं होतं. अंगणात मांडव, त्यापलीकडे काठ्यांवर वाळणारे बोंबील. बायका नटून उभ्या होत्या. लाडकीने काठी उजव्या हातात घेतली आणि सुरुवात केली.

ठेका चुकला असं नाही. पण तो चालत होता तो कुणाच्या तरी चपला घालून चालल्यासारखा. मुली नाचायला पुढे आल्या, थोडं हलल्या, एकमेकींकडे बघून थांबल्या. बाबल्याने बेंजो जोरात केला. तो एकटाच घामाघूम झाला.

"ही ती पार्टी नाय!" मागून कोणीतरी ओरडलं. "बदली पाठवलीय!"

"खरी दुसरीकडे गेली असेल. तिथी मोठी आहे आज."

"गाडी तर तीच ना?"

"गाडी काय, कोणी पण रंगवील."

शांतीबाई गर्दीतून पुढे आल्या. "काय गो पोरी, खरं सांग. कोसबाडला तूच होतीस काय?"

"मीच होते."

"मग तो ढोल कुठंय? मी कानाने ऐकलाय तो. हा नाय."

भिकूदादा मध्ये बोलायला गेला. लाडकीने त्याच्याकडे पाहिलं आणि तो थांबला. तिने पट्टा गळ्यातून काढला, ढोल फिरवून पुन्हा अडकवला, काठी डाव्या हातात धरली. ढोलावरची पांढरी मुलगी आता लोकांसमोर होती, तिची काठी उजव्या हातात, लाडकीची डाव्या. सगळ्यांना दोघी दिसत होत्या.

मग लाडकी वाजवू लागली.

शांतीबाई डोळे मिटून ऐकत होत्या, भाकऱ्या भाजताना ऐकलं असेल तसं. आधी एका म्हाताऱ्या बाईचा पाय हलला, मग मुलींचा घोळका सुटला. बरंच झाल्यावर शांतीबाईंनी हात वर करून थांबवलं.

"ढोल तर हाच," त्या म्हणाल्या. "पण माझं एवढं ऐक. पोराला हळद लावतील तेव्हा नको वाजवूस. आमच्यात चालत नाय ते नाय. नाचाला वाजव, पायजे तेवढं वाजव." मग भिकूदादाकडे वळल्या. "आन् तू रे? खरं सांगितलं असतंस, मी नाय म्हणाली असती तर नाय म्हणाली असती. पण खोटं सांगून बदली ठरवलीस आपल्याच पोरीला."

हळद लावली तेव्हा लाडकी टेम्पोला टेकून उभी राहिली. माझ्या अगदी जवळ. आत गाणी चालली होती आणि तिची डाव्या हाताची बोटं दारावर हळूहळू वाजत होती, कोणाला ऐकू जाणार नाही इतकी. नंतर तिला बोलावलं तेव्हा ती गेली आणि वाजवलं. मला वाटतं, तिला वाईट वाटलं होतं. बरंही वाटलं होतं.

परत येताना ती म्हणाली, "बाबा, पार्टीला नाव तुमचं आहे. राहू दे. हात तरी माझा ठेवा."

दुसऱ्या दिवशी भिकूदादाने पुन्हा गेरू कालवला आणि मला सरळ बाजूने बसवलं. पण बाजारात कोणी विचारलं, "चित्र परत फिरवलंत काय?" तर तो "तसंच आहे ते" एवढं पुटपुटून चालू लागायचा. काही घरांनी पार्टी सोडली. काही घरं मात्र मुद्दाम येऊन सांगायची, "डावरीच पायजे, दुसरी पाठवू नका." बाबल्या म्हणायचा, आता बदली पाठवायची सोयच राहिली नाही.

आता २०१९ साल आहे. माझ्या कडा वळल्यात, काठीच्या टोकाशी मी फाटलोय. रंगाचे थर इतके बसलेत की हाड शोधावं लागतं. परवा लाडकी आणि भिकूदादा मला घेऊन डहाणू रोडच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. तिथे कॉम्प्युटरवर भाविनी नावाची मुलगी बसते. तिने माझा फोटो काढला आणि पडद्यावर घेतला. आता बॅनर, कार्ड, शर्ट, सगळं त्यातूनच निघेल.

तिने एक बटण दाबलं. पडद्यावरची मुलगी फिरली. परत दाबलं, परत फिरली. एवढं सोपं असतं ते.

"ताई, सीधी बाजू कुठली? एकदा फाइल झाली की मग सगळीकडे तेच जाणार."

लाडकी तोंड उघडणार, तेवढ्यात बाकावर बसलेला भिकूदादा बोलला. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. एक जण लग्नाची पत्रिका घेऊन उभा होता. तरीही भिकूदादा मोठ्याने बोलला.

"डावा हात. माझी पोरगी डावरी आहे."

भाविनीने मान हलवली आणि फाइल करायचं बटण दाबलं.

माझं काम तिथेच संपलं. कोणी मला टाकून दिलेलं नाही, कॉम्प्युटरच्या मागे वायरींच्या जवळ मी उभा आहे. बहुतेक इथेच राहीन. तुम्ही कुणाचं चित्र भिंतीवर लावणार असाल तर एक विनंती आहे. ते एकसारखं करा, सुंदर करा, लांबून ओळखू येईल असं करा. पण फिरवण्याआधी ज्याचं आहे त्याला विचारा. आम्ही छाप कुठल्याही बाजूने बसतो. माणसं बसत नाहीत.