दोनशे बाराची बरोबरी

वाळूजच्या एका कारखान्याच्या फाटकाशी मीनाक्षीबाई रिक्षातून उतरल्या तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. समोर अनंतरावांची स्कूटर उभी दिसली आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांना टुणकन उडी मारावीशी वाटली. गडी आला होता. म्हणजे आज सामना होणार होता.

हे दोघं चिकलठाण्याच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं टर्मिनलं दुरुस्त करत होते. टर्मिनल म्हणजे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवणारी ती जुनी पेटी. संगणक लांब कुठंतरी खोलीत, ही त्याची खिडकी. दोघांचा पहिल्या दिवसापासूनचा एक नियम होता. झाकणाच्या स्क्रूला हात लावण्याआधी बिघाड कागदावर लिहायचा आणि चिठ्ठी तिसऱ्याच्या हाती द्यायची. एकाचं बरोबर आणि दुसऱ्याचं चूक निघालं तरच गुण. अनंतराव निवृत्त झाले त्या संध्याकाळी गुण होते दोनशे बारा आणि दोनशे बारा. पुढं टर्मिनलं भंगारात गेली, बाईही निवृत्त झाल्या आणि बरोबरी तशीच राहिली. दर दिवाळीला अनंतरावांचा फोन यायचा. "शुभेच्छा. कशी आहे बरोबरी?" बाई दात ओठ खाऊन म्हणायच्या, "आहे तशीच."

आता हे एक टर्मिनल उरलं होतं. ते पोलादी गिअर भाजून कडक करणाऱ्या भट्टीचं तापमान दाखवायचं. पुढच्या महिन्यात मालक विश्वजित नवी यंत्रणा बसवणार होते, की हेही भंगारात. बरोबरी फुटायची तर आजच.

"तुम्ही इथं कशा?" अनंतरावांनी साळसूदपणे विचारलं. चौऱ्याहत्तरीतही इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"शीलानं बोलावलं. तुम्हाला?"

"तिनंच की."

"दोघांचे नंबर पेटीच्या कडंला लिवलेले व्हते," शीला म्हणाली. पैठणकडच्या मेंढपाळ घरातली ही बाई बावीस वर्षं या भट्टीवर होती. "म्हनलं एकानं नाय उचलला तर दुसरा. तुम्ही दोघांनीबी पहिल्याच घंटीला उचलला. मला वाटलं, काय झालं काय ह्यांना?"

"उचलणारच. चौदा वर्षं वाट बघतोय," अनंतराव म्हणाले.

"काय होतंय त्याला?" बाईंनी विचारलं.

"सकाळी लई गुणी असतंय. दोन तास झाले, तापलं, की बरळतंय. आठशे चाळीस दाखवायचं तर नुसती फुल्या-टिंबं. साडेतीनला पाळी बदलती. तवर झालं तर झालं, नायतर भट्टी बंद."

दोघांनी शीलाला पंच नेमलं. प्रत्येकी तीन प्रश्न, तेही तिच्या कानात. अनंतरावांचे प्रश्न ऐकताना शीला गंभीर झाली. बाईंच्या तिसऱ्या प्रश्नाला मात्र ती लाजली.

"थापड मारून बघितलीस का?"

"मारली," शीला कुजबुजली. "दोनदा."

"मग?"

"घटकाभर सुधरलं."

बाईंनी चेहरा मख्ख ठेवून चिठ्ठी लिहिली. शीलानं दोन्ही चिठ्ठ्या जेवणाच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

बाराच्या सुमाराला टर्मिनल बरळायला लागलं आणि अनंतरावांनी झाकण उघडलं. त्यांचा संशय चिपवर होता हे लपण्यासारखं नव्हतं. तापली की चुकणारी चिप शोधायची तर एकेक चिप गार करून बघायची. त्यासाठी फवारा मिळतो, तो त्यांच्याकडं नव्हता. त्यांनी फाटकासमोरच्या टपरीवरून बर्फाच्या कांड्या आणल्या. प्लॅस्टिकच्या नळीतल्या, पोरं चोखतात तशा, नारंगी आणि हिरव्या. नारंगी शीलानं लगेच ताब्यात घेतली.

"ती औजारं आहेत, शीला."

"व्हय साहेब. लई गोड औजार हाय."

अनंतरावांनी डावा हात पाठीमागं घेतला. चालू टर्मिनल उघडं असलं की एक हात पाठीशी ठेवायचा, म्हणजे चुकून धक्का बसला तर तो छातीतून जात नाही. उजव्या हातानं कांडी रुमालानं पुसत ते आतल्या बोर्डावरच्या चिपांवर टेकवायला लागले. पहिली रांग, आठ चिपा, काही नाही. दुसऱ्या रांगेतली पहिली, दुसरी. तिसरीवर कांडी टेकली आणि पडद्यावरची फुल्या-टिंबं पुसून गेली. हिरवागार, ठसठशीत आकडा उभा राहिला. ८४०.

"दुसरी रांग, तिसरी चिप!" अनंतराव ओरडले. "शीला, डबा उघड! वाच!"

शीलानं वाचलं. अक्षरश: तेच लिहिलं होतं.

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस भट्टीसमोर नाचायला लागला, तोही डावा हात पाठीमागं तसाच ठेवून, लावणीतल्यासारखा. आता दर दिवाळीला हा माणूस दोनशे तेरा म्हणणार, आणि आपण ऐकून घ्यायचं, बाईंच्या मनात आलं. तेवढ्यात त्यांची नजर पडद्यावर गेली. अनंतरावांनी नाचायला कांडी उचलली त्याच क्षणी फुल्या-टिंबं परत आली होती. त्याच क्षणी.

"अनंतराव, थांबा. परत टेकवा."

टेकवली. ८४०. उचलली. टिंबं.

"गार झालेली चिप पुन्हा तापायला किती वेळ लागतो?"

"पंधरा-वीस सेकंद," अनंतराव म्हणाले, आणि त्यांना स्वत:लाच ते खटकलं.

"ती कांडी द्या इकडं."

बाईंनी कांडी हातात घेतली आणि त्यांना इतकं हसू फुटलं की स्टुलाचा आधार घ्यावा लागला. वाळूजचा एप्रिल, शेजारी भट्टी. कांडी कधीच वितळली होती. आतलं हिरवं पाणी अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट होतं.

"ह्यानं चिप गार केलीत तुम्ही?" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "अहो, बर्फ मऊ पडत गेला तसा तुमचा जोर वाढत गेला. गारव्यानं नाही, दाबानं सुधारतंय ते!"

त्यांनी लाकडी पट्टी घेतली, डावा हात पाठीमागं घेतला आणि चिपांपासून चार बोटं लांब, जिथं वीज बोर्डात शिरते त्या कोपऱ्यावर हलकेच दाबलं. ८४०. सोडलं. टिंबं. दाबलं. ८४०.

"शीला, माझी चिठ्ठी."

शीलानं वाचली. "वीज येते तिथला सांधा. ड्राय सोल्डर." मग तिनं विचारलं, "म्हंजी?"

"म्हणजे डाखाचा जोड वरून धड दिसतो, आतून सुटलेला असतो. तापून बोर्ड फुगला की वीज तुटक जाते."

"अजून सिद्ध कुठं झालंय?" अनंतराव म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

टर्मिनल बंद करून, थंड होऊ देऊन दोघांनी बोर्ड बाहेर काढला. भिंग अनंतरावांनीच धरलं. एका पिनेभोवती केसासारखी काळी चीर गोल फिरली होती. ते बराच वेळ बघत राहिले. "आहे," ते म्हणाले. "सुंदर आहे हो." मग उजेडाला बॅटरी त्यांनी धरली आणि सोल्डर बाईंनी मारलं. हसू थांबत नव्हतं म्हणून दोनदा मारावं लागलं.

बोर्ड बसवून टर्मिनल सुरू केलं तेव्हा सव्वा वाजला होता. दोन तास तापवल्याशिवाय कुणी निकाल मानणार नव्हतं. चहा आला, परत आला. बाई तिसऱ्यांदा उठून पडद्याजवळ गेल्या तेव्हा शीला म्हणाली, "मॅडम, बसा की. बघून बघून लाजतंय ते." तीन वाजता आकडा जागचा हलला नव्हता. सव्वातीनला अनंतरावांनी स्वत: बोर्डाचा कोपरा पट्टीनं ठोकला, मग पेटीला दोन्ही बाजूंनी थापडा मारल्या.

"अन् थापड मारली म्हनून मी लाजत व्हते!" शीला म्हणाली.

८४०. तिनं बटणं दाबून गिअरांचा पहिला घाणा भट्टीत सोडला.

"दोनशे तेरा, दोनशे बारा," अनंतराव सावकाश म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला. बाईंनी तो दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला. मग दोघंही हसत सुटले, शीलानं कानावर हात ठेवले तरी थांबेनात.

हसता हसता अनंतरावांची नजर कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर गेली. त्यावरचे लाल आकडे लुकलुकत होते.

"शीला, तो काटा कधीपासून असा करतोय?"

"आठवडा झाला असंल."

अनंतरावांचा हात खिशातल्या पेनाकडं गेला. "पडदा आहे, आकडे आहेत. टर्मिनलच म्हणायचं."

बाईंनी त्यांचं मनगट पकडलं. "बघू. तोही बघू. पण आज नाही. सोमवारपर्यंत तरी मला जिंकलेली राहू द्या."