तीन रविवारांचा पुकार

या, असे पुढे सरका. दाराजवळ बसणाऱ्याला नुसते शब्द मिळतात, पुढे बसणाऱ्याला सूर मिळतो. आज एका लग्नाची गोष्ट ऐकवायची आहे. तिच्यात नवरा आहे, नवरी आहे, पाळक आहे, सरकारी कचेरीही आहे. पण गोष्ट आहे ती नवरीच्या आजीची, इंदूबाईची.

अकोल्याच्या ख्रिस्ती मंडळीत इंदूबाईला कोण ओळखत नाही? सरकारी दवाखान्यात तिने तीस वर्षं नर्स म्हणून काढली, पण नाव झालं ते कीर्तनाने. पदर कमरेला खोचून, हातात चिपळ्या घेऊन ती उभी राहिली की पेटीवाला आपोआप ताठ बसायचा. बाळापूरला एकदा ऐन रंगात वीज गेली, तर लोकांनी तीन मोटरसायकलींचे दिवे लावून कीर्तन पुरं करून घेतलं. तिचं आवडतं पद असं होतं:

दार देवाचे उघडे, कडी आम्हीच लाविली ।
आत वाट पाहे प्रभू, आम्ही पायरी मोजिली ॥

गाणं सोपं असतं हो. कडी आपल्याच घराला लागली की कळतं.

नात रागिणी तिनेच लहानाची मोठी केलेली. रागिणी अमरावतीच्या शाळेत गणित शिकवते. त्याच शाळेत विज्ञान शिकवणारा धम्मदीप, चांदूर रेल्वेचा, बौद्ध घरातला. दोघांचं जमलं. नोंदणी कचेरीत लग्न करायचं, कुणी आपला धर्म सोडायचा नाही, असं त्यांनी आपसात ठरवलं आणि मग आजीपुढे येऊन बसले.

धम्मदीप चहाचा कप हातात धरून म्हणाला, “आजी, तुमच्या मंडळीत अडचण होत असन तर मी बाप्तिस्मा घेतो. मंग तर झालं?”

इंदूबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. “तुह्या घरी दीक्षा कोणं घेतली होती?”

“आजोबांनी. छप्पन साली.”

“काहून घेतली?”

“माणूस म्हणून जगायले.”

“अन् तू सोडून राह्यला बायकोसाठी. बापू, देवासाठी घेतला तर बाप्तिस्मा. बायकोसाठी घेतला तर तो हुंडा. ऊठ, जाय घरी. बाप्तिस्म्याचं नाव पुन्हा काढलं तर चहा भेटणार नाई.”

तो खरंच उठला. रागिणी हसत हसत त्याला फाटकापर्यंत सोडून आली.

आता डोमाजी. मंडळीचा सेक्रेटरी. आयुष्यभर एसटी स्टँडवर कंट्रोलर. गाडी एक मिनिट आधी सोडली नाही की एक मिनिट उशिरा नाही. मंडळीची जुनी नियमावली त्याला तोंडपाठ. गुरुवारी संध्याकाळी तो वही काखेत मारून इंदूबाईकडे आला. चपला काढल्या, पाणी प्यायला, मग बोलला.

“बाई, साक्षीदार म्हणून तुमी सही करणार म्हणतात.”

“करणार. माही नात हाय.”

“कलम चौदा.” त्याने वही उघडली. “मंडळीत पुकार न होता, बाहेरच्या रीतीने लागलेल्या लग्नात जो सभासद साक्षीदार होईल, त्याचे प्रभुभोजन व मंडळीतील सेवा एक वर्ष बंद. सेवा म्हणजे कीर्तनही आलं. मले वाईट वाटते, पण वहीत हाय.”

बहात्तराव्या वर्षी वर्षभर मुका ठेवलेला गळा पुन्हा उघडतो का, ते देवच जाणे. आणि ज्या हातांनी दर महिन्याला प्रभूचं मेज मांडलं, त्याच हातांनी त्या मेजापासून दूर राहायचं. सही केली तर हे जातं. नाही केली तर आईबापांविना वाढलेल्या पोरीच्या लग्नात तिच्या बाजूने सही करायला कुणीच उरत नाही. रागिणी आतल्या खोलीत ऐकत होती. तिचं भांडी लावणं थांबलेलं इंदूबाईला कळलं.

“डोमाजी, जरा परत वाचा. हळू.”

त्याने वाचलं.

“पुकार न होता,” इंदूबाई म्हणाली. “असंच लिहिलं हाय ना? म्हणजे मंडळीपासून लपवलेलं लग्न. मंग मी लपवतच नाई. पुकार करा.”

डोमाजीने त्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं. हे कलम जुन्या लोकांनी पळून जाणाऱ्या पोरापोरींसाठी घातलं होतं, पण जे लिहिलं ते लिहिलं. चष्मा पुसून तो म्हणाला, “पुकार म्हणजे तीन रविवार. भर उपासनेत नावं वाचणार. एक जरी हात हरकतीले वर झाला तर प्रकरण पंचाकडे. अन् पंच वर्ष वर्ष निकाल देत नाई, तुमाले माहीत हाय.”

“माहीत हाय. वाचा.”

त्या मंडळीत लग्न ठरलं की नवरा-नवरीची नावं तीन रविवार वाचायची रीत आहे. कुणाला हरकत असेल तर तिथेच उभं राहून सांगायची. तिसरा रविवार टळला की हरकत संपली. बौद्ध मुलाचं नाव त्या पुकारात आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

इंदूबाई पाळकांकडे गेली. पाळक नितेश, वरूडचा, वयाने तिच्या नातवाएवढा. तो बिचारा या लग्नाच्या काळजीने आधीच रात्रभर झोपला नव्हता.

“आजी, लग्न लावायचा परवाना मले सरकारनं देला. सरकारचा कायदा म्हणते, दोघांतला एक ख्रिस्ती असला तरी लावता येते. मंडळीचा नियम म्हणते, दोघंही पाहिजे. मी कोणाचं ऐकू?”

“दोघायचंही ऐक. लग्न तू लावू नको, नियमानं अडवलं तिथं आपण थांबू. अन् नियमानंच जिथं वाट ठेवली तिथून चालू. कुंपण घालणाऱ्यानं फाटक ठेवलं असते बापू. आपणच त्याच्यापुढं खाट टाकून बसतो.”

नितेश खूप दिवसांनी हसला.

पहिल्या रविवारी डोमाजीने नावं वाचली. आवाज कोरडा, स्टँडवर गाडी पुकारावी तसा. कुणीतरी खोकलं, तेवढ्याने इंदूबाईने मागे वळून पाहिलं. हात वर झाला नाही. त्याच आठवड्यात अमरावतीच्या कचेरीतही तीस दिवसांची नोटीस लागली.

दुसऱ्या रविवारी म्हातारा चंद्रभान उभा राहिला. सगळ्या माना वळल्या.

“हरकत नाई,” तो म्हणाला. “फक्त विचारायचं होतं. जेवण अकोल्यात हाय का चांदूरले? गुडघे दुखतात, आधी कळलेलं बरं.”

मंडळी हसली. डोमाजी हसला नाही.

तिसऱ्या रविवारी इंदूबाईने धम्मदीपला बोलावून घेतलं. “ज्याच्या नावाचा पुकार, त्यानं तोंड लपवू नये,” म्हणाली. तो शेवटच्या बाकावर बसला, इस्त्रीचा शर्ट घालून.

पुकाराची वेळ आली, तेव्हा डोमाजीने वही नितेशच्या हातात दिली. “आज तुमी वाचा.”

इंदूबाईला लगेच उमगलं. वाचणाऱ्याला हरकत घेता येत नाही. डोमाजीने हात मोकळा करून घेतला होता. तिने डोळे मिटले. प्रार्थनेला शब्द सापडेनात, म्हणून मनातल्या मनात नुसता सूर धरला.

नितेशने नावं वाचली. “कुणाची हरकत?”

डोमाजी उठला. “माही.”

“कारण?”

“पोरगा आपल्यातला नाई.”

नितेशने वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. “काका, पंचाकडं नेण्याजोगी कारणं वहीत चारच दिली हायेत. वय कमी असणं. आधीचं लग्न असणं. जवळचं नातं असणं. जबरदस्ती असणं. तुमची हरकत कशात बसते, ते तुमीच सांगा. वही तुमाले माझ्याहून जास्त पाठ हाय.”

डोमाजीने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर तो क्षण सोपा होता. पण त्या माणसाने जन्मात गाडीची वेळ खोटी लिहिली नव्हती. तो मागे वळला. आधी रागिणीकडे.

“पोरी, तुह्यावर कोणी जबरदस्ती केली का?”

“नाई काका.”

मग शेवटच्या बाकाकडे. “अन् बापू, तुह्यावर?”

धम्मदीप उभा राहिला. “झाली. आजीनं केली.”

बाकाबाकांवर कुजबुज उठली. डोमाजी पुढे झुकला. “काय केलं?”

“मी म्हटलं बाप्तिस्मा घेतो, तर घरातून काढून देलं मले. म्हणे देवासाठी घेत असशीन तर ये, लग्नासाठी घेत असशीन तर चहासुद्धा भेटणार नाई.”

आधी बायका हसल्या, मग पेटीवाला, मग सगळे. डोमाजी इंदूबाईकडे वळला. इतके दिवस त्याला वाटत होतं की बाईने नातीपायी श्रद्धा सवलतीत विकायला काढली. तिने तर ती लग्नाच्या मोबदल्यातही कुणाला दिली नव्हती.

तो म्हणाला, “चारातल्या एकातही बसत नाई. हरकत मागे. लिहून घ्या.” आणि खाली बसला.

इंदूबाई उठली ती चिपळ्या घेऊनच. त्या दिवशी उपदेश झालाच नाही, झालं ते कीर्तन. दुपारचा दीड वाजला तरी चंद्रभानला गुडघे आठवले नाहीत.

लग्नाच्या दिवशी टाटा मॅजिक गाडी भरून सगळे गात गात अमरावतीला गेले. डोमाजीही पुढे, ड्रायव्हरशेजारी. “नुसतं पाहायले” म्हणून. कचेरीत तीन साक्षीदार लागतात. इंदूबाई होती, धम्मदीपचे वडील देवमन होते, आणि त्यांचे धाकटे भाऊ आधार कार्ड चांदूरलाच विसरून आले होते. घरचं लग्न, तिथे कोण कागद मागतो, असं त्यांना वाटलं. कारकून म्हणाला, साहेब एक वाजता उठतील.

डोमाजीने शर्टाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली. आधार, दोन फोटो, झेरॉक्स, सगळं होतं.

“पुकार झालेला हाय,” तो कुणाकडेच न बघता म्हणाला. “कलम चौदा लागत नाई.” आणि ठसठशीत सही केली.

चांदूरला देवमनच्या अंगणात आधी त्रिशरण झालं, मग इंदूबाई उभी राहिली. धम्मदीपच्या आईने झांजा मागून घेतल्या. दोन्हीकडच्या बायकांनी ध्रुवपद उचललं. डोमाजी टाळ्या वाजवत होता, दर वेळी अर्ध्या मात्रेने मागे, आणि त्याची त्याला पर्वा नव्हती.

आता उठायच्या आधी एक मागणं आहे. इंदूबाईसाठी प्रार्थना करणारे वऱ्हाडभर आहेत, तिची चिंता नको. तुम्ही हात जोडाल तेव्हा डोमाजीची आठवण ठेवा. उभा राहून, चारचौघांत, स्वतःची हरकत स्वतः मागे घेणारा माणूस देवाच्या घरी फार मोलाचा असतो, आणि त्याचं नाव घ्यायचं मात्र सगळ्यांच्या राहून जातं.